मिळालेल्यांची यादी लावलीत, आता अडकलेल्यांचीही लावा

सोलापूर जिल्ह्यातून विधानसभेत गेलेल्या अकरा आमदारांना खुले पत्र

सन्माननीय आमदार महोदय,

सप्रेम राम कृष्ण हरी.

दिवाळीनंतर आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक यादी लागली. अतिवृष्टीचं अनुदान ज्यांच्या खात्यावर जमा झालं त्यांची. चार पानं होती. मी बोट ठेवून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचत गेले. माझं नाव नव्हतं. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या म्हातारबाबांना वाचून दाखवली. त्यांचंही नव्हतं. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, कारण पुढं कुठं जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचं नाव यादीत आहे त्याला पैसे आल्याचं आधीच कळलेलं असतं, बँकेचा मेसेज येतो. यादीची गरज ज्याला पैसे मिळाले नाहीत त्याला असते, आणि त्याच्यासाठी त्या चार पानांत एक ओळही नव्हती.

आपण नागपूरच्या अधिवेशनाला जाल तेव्हा जिल्ह्याला किती कोटी आले आणि किती वाटले, हे आकडे सभागृहात सांगितले जातील. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण वाटून झाल्यावर जे उरतात त्यांची मोजणी कुणी करत नाही. त्यांच्याविषयी हे पत्र आहे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा उघड लिहिते, म्हणजे माझ्यासारखे बाकीचेही वाचतील.

मी माढा तालुक्यातली, सीनाकाठची. अडीच एकर रान, त्यात एक एकर डाळिंब, बाकी खरिपात उडीद-मका आणि रब्बीत ज्वारी. गोठ्यात तीन संकरित गायी. मालक २०२२ मध्ये गेले. घरात सासूबाई, शिकणारा मुलगा आणि मी. बारावीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे कागद वाचता येतात आणि गल्लीतल्या चार घरांचे कागदही माझ्याकडेच येतात. मी एक वही ठेवली आहे. कुठल्या तारखेला कुठं गेले, काय सांगितलं गेलं, कोणता कागद मागितला, सगळं त्यात आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून एवढे हेलपाटे तरी परवडले.

आधी शेतकरी सन्मान निधीचं सांगते. २०१९ ला योजना सुरू झाली तेव्हापासून मालकांच्या खात्यावर चार महिन्यांनी दोन हजार येत होते. ते गेल्यावर हप्ता थांबला, ते बरोबरच झालं. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली, सासूबाई, मी आणि मुलगा अशी तीन नावं लागली, आणि मी नव्यानं अर्ज भरला. नियम असा आहे की १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी जमीन नावावर हवी. त्यानंतर नाव लागलं असेल तर ते वारसा हक्कानंच लागलेलं हवं. माझं वारसा हक्कानंच लागलेलं आहे. तरी अर्ज एकदा परत आला आणि दुसऱ्यांदा नुसताच पडून राहिला. हप्ता सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. त्यातच २०२३ ला राज्याची नमो योजना आली. तिचे सहा हजार केंद्राच्या यादीवरूनच दिले जातात, म्हणजे तिकडं अडकलेला इकडंही आपोआप अडकतो. वर्षाचे सहा हजार नाहीत, बारा हजार थांबतात. नवरा गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं, ज्या बाईला पैशाची सगळ्यात जास्त ओढ असते, नेमकी तीच त्या वर्षांत यादीबाहेर असते. आमच्या गावात अशा आणखी दोघी आहेत. तालुक्यात किती आहेत हे आपण विचारलं तर आपल्याला सांगितलं जाईल. मी विचारलं तर मला कोण सांगणार?

ठिबकचं दुखणं मोठं आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर २३ रुपये ६० पैसे भरून अर्ज केला. तेव्हा सोडत होती, आता २०२५ पासून आधी येईल त्याला आधी, असं झालं आहे. निवड झाल्याचा मेसेज आला, सातबारा, आठ-अ आणि कोटेशन चढवलं, पूर्वसंमती मिळाली. पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या मुदतीत संच बसवून बिल चढवावं लागतं, नाहीतर निवड रद्द. पैसे आधी आपण घालायचे, अनुदान मागाहून. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची २५ टक्क्यांची भर, असे ८० टक्के मिळतील या भरवशावर मी भिशी उचलली आणि पाटल्या गहाण टाकल्या. पंचेचाळीस हजारांचं बिल झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी, झाली, फोटो निघाले, कागदावर सह्या झाल्या.

त्याला आता पावणेदोन वर्षं होत आली. मोबाइलवर अर्जाची स्थिती पाहिली की प्रक्रियेत आहे, एवढंच दिसतं. कुणाच्या प्रक्रियेत आहे? निधी नाही म्हणून थांबलाय, की माझ्या कागदात चूक आहे म्हणून? निधी नसेल तर मी गप्प वाट बघेन, सावकाराला तसं सांगेन. चूक असेल तर उद्या दुरुस्त करेन. ही दोन उत्तरं अगदी निरनिराळी आहेत आणि त्यातलं एकही मला मिळालेलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेर सीनेला पूर आला, डाळिंबात चार दिवस पाणी उभं राहिलं आणि ओसरलं तेव्हा नळ्या गाळाखाली गेलेल्या होत्या. काही वाहून बांधाला जाऊन अडकल्या. ज्या संचाचं अनुदान अजून आलेलं नाही तो संचच आता रानात नाही. पुन्हा कुणी तपासणीला आलं तर दाखवायला माझ्याकडं फक्त फोटो आहेत.

दुधाच्या अनुदानाचा हिशोब मी नीट मांडते, कारण त्यात एक गोष्ट आहे जी शहरातल्या माणसांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. २०२४ च्या जुलैपासून ठरलं होतं की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून बाकी घन भाग) गायीच्या दुधाला दूध प्रकल्पानं लिटरला ३० रुपये द्यायचे आणि शासन ५ रुपये देईल. ऑक्टोबरपासून ते २८ अधिक ७ झालं. बेरीज तीच, ३५. घोषणा ऐकताना वाटलं, दोन रुपये वाढले. प्रत्यक्षात दर दहा दिवसांनी हातात पडणाऱ्या दुधाच्या पगारातले दोन रुपये कमी झाले आणि ते मागाहून येणाऱ्या अनुदानात गेले. ज्याचं अनुदान वेळेवर आलं त्याला फरक पडला नाही. ज्याचं अडकलं त्याला आधीपेक्षा दोन रुपये कमी भावानं दूध घालावं लागलं. माझं रोजचं दूध बावीस लिटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकसष्ट दिवस. सात रुपयांनी ९,३९४ रुपये होतात. ते आलेच नाहीत.

का नाही आले? मला जे तोंडी सांगितलं गेलं ते असं, की एका गायीच्या कानातला बिल्ला पडला, नवा मारला, त्याचा बारा आकडी नंबर बदलला आणि चढवलेली माहिती जुळेना. ही माहिती शेतकरी स्वतः भरत नाही. संकलन केंद्रावरून ती पुढं जाते. केंद्रवाला म्हणतो वरून आलं नाही, वरचे म्हणतात खालून नीट आलं नाही. मधे मी, गोठ्यात उभी राहून गायीच्या कानातला नंबर तिसऱ्यांदा लिहून देणारी. आकडा चुकला असेल तर कोणता चुकला हे दाखवायला काय हरकत होती?

आता पुराचं. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा पाण्यातून आमच्या गावांत आलात, धान्याच्या पिशव्या आणल्यात, ते आम्ही विसरलेलो नाही. पण दरांचं बोलायलाच हवं. राज्यानं फळबागेला हेक्टरी ३६,००० रुपये आणि तीन हेक्टरपर्यंत मदत द्यायचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला घेतला होता. ३० मे २०२५ च्या शासन निर्णयानं तो मागं घेतला आणि पुन्हा २२,५०० रुपये व दोन हेक्टरवर आणलं. चार महिन्यांनी पूर आला. मग ऑक्टोबरात पॅकेज जाहीर झालं, मर्यादा परत तीन हेक्टर केली, रब्बीच्या बी-बियाण्याला हेक्टरी १०,००० वेगळे धरले. पण मूळ दर तोच राहिला. २२,५०० म्हणजे गुंठ्याला सव्वादोनशे. साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावलेल्या डाळिंबाची गुंठ्यात सात-आठ झाडं बसतात. झाडामागे तीस रुपये. मी लावलं तेव्हा नुसतं रोप याहून महाग मिळालं होतं, आणि मुळाशी चार दिवस पाणी राहिलं की डाळिंब उठत नाही हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

आणि ते तीस रुपयेसुद्धा माझ्या खात्यावर आलेले नाहीत. पाचव्या हेलपाट्यात एका भल्या माणसानं संगणकात बघून कारण सांगितलं. जमिनीचं खातं सामाईक आहे. तिघांची नावं असल्यानं बाकीच्या दोघांचं संमतीपत्र हवं, आणि सासूबाईंचा शेतकरी ओळख क्रमांक निघालेला नाही. तो निघालेला नाही, कारण सत्तर वर्षं खुरपं धरलेल्या हाताचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. एका ओळीचं कारण! ती ओळ पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या यादीत माझ्या नावापुढं असती तर संमतीपत्र त्याच संध्याकाळी तयार झालं असतं. पाच दिवसांची मजुरी बुडाली नसती. त्या म्हातारबाबांचं कारण अजून कळलेलं नाही.

वाट्यानं रान करणाऱ्यांची गत याहून वाईट, ती थोडक्यात सांगते. शेजारचं एक एकर मी निम्म्या वाट्यानं करते. त्या रानाचे मालक पुण्याला असतात. पिकाचं नुकसान माझं झालं, अनुदान त्यांच्या खात्यावर गेलं. त्यांनी निम्मे पाठवून दिले, हा त्यांचा चांगुलपणा. कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीनं वाट्याचा कागद कुणी करत नाही, त्यामुळं सातबारा आणि ओळख क्रमांक यांच्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही योजनेत कसणारा माणूस दिसतच नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना ओळख क्रमांक सक्तीचा झाल्यावर तर तो आणखी मागं ढकलला गेला. पीक विम्यातही २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीचा भाग काढून टाकल्यानं पुरात बुडालेल्याला तो एक आधार होता, तोही राहिला नाही.

मी खालच्या कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवत नाही. आमच्याकडच्या कृषी सहायकांकडं कितीतरी गावं आहेत आणि पुरानंतर पंचनाम्याला ते गुडघाभर चिखलातून फिरलेले मी पाहिले आहेत. त्यांनाही पुढं काय अडलं ते दिसत नाही. आपल्याला लिहिते आहे ते याचसाठी, की हे दिसेल अशी सोय करणं त्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

कायदा यासाठी नवा करावा लागणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ आपण वाचलेलं असेल. अनुदानाची योजना कशी राबवली, किती रक्कम ठेवली, लाभार्थी कोण, हे कुणी न मागता प्रसिद्ध करायचं, असं त्यात आहे. सन्मान निधीची गावनिहाय यादी संकेतस्थळावर दिसते, रोजगार हमीची मजुरी दिसते, महाडीबीटीवरही निधी वितरित झालेल्यांची नावं पाहता येतात. कायद्याचा एवढा भाग पाळला जातो, हे मान्य. पण त्याच कलमात पुढं असंही आहे, की प्रशासनानं घेतलेल्या निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यायची. हा भाग कुठं पाळला जातो? प्रक्रियेत आहे, हे कारण नव्हे.

माझ्या पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत एक संस्था तिथल्या माहितीच्या कायद्याखाली आकडे मिळवून, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग धरून, १९९५ पासून कोणत्या शेतकऱ्याला किती अनुदान गेलं ते नावासकट लोकांपुढं ठेवते. कुणाला फार जास्त मिळतं ते त्यातून उघड होतं. चांगलंच आहे. आपल्याकडं मात्र जमिनीचं सरासरी क्षेत्रच १.३४ हेक्टर. इथं फार मिळालेले शोधण्याआधी अजिबात न मिळालेले शोधावे लागतात.

आणि गावात वाचून दाखवून राहून गेलेलं शोधणं, हे आपल्या राज्यानं आधी केलेलं आहे. २०१७ साली संगणकावरच्या सातबाऱ्यातल्या चुका सापडाव्यात म्हणून गावोगाव चावडी वाचन झालं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांची नावं चावडीवर वाचली गेली, म्हणजे वारसांनी पुढं यावं. तेव्हा खरोखरच लोक पुढं आले, कारण नाव ऐकलं की शेजारी घरी येऊन सांगतो. गेलेल्या माणसांची नावं चावडीवर वाचता येतात, तर जे जिवंत आहेत आणि वर्ष-दोन वर्षं वाट बघत आहेत त्यांची का नाही वाचता येणार?

म्हणून मागणं सरळ आहे. सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत गावागावातून अडकलेल्यांची यादी लागावी. तीत नाव, गट क्रमांक, योजना, अर्जाची तारीख, कुठल्या टप्प्यावर थांबला आहे आणि कारण, एवढंच असावं. आधार किंवा खाते क्रमांक नको. कारण मराठीत आणि समजेल असं लिहिलेलं असावं, संकेतस्थळाच्या भाषेत नको. निधी आला नसेल तर निधी आला नाही असं स्वच्छ लिहावं. ही यादी वर्षातून चारदा ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी आणि तिथंच कोणाला दुरुस्ती करायची असेल तर कागद घेतला जावा.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याला मुदत ठरवावी. मोका तपासणी झाल्यावर पैसे किती दिवसांत, नवरा गेलेल्या बाईच्या सन्मान निधीच्या अर्जावर निर्णय किती दिवसांत, हे लिहिलेलं असावं आणि नाकारलं तर लेखी नाकारावं, म्हणजे अपील करता येईल.

ज्यांच्या हाताचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी गावातच दुसरी सोय करावी. पुरात गेलेल्या ज्या ठिबक संचांची तपासणी आधीच झालेली आहे, त्यांचं अनुदान जुन्या तपासणीवर द्यावं, पुन्हा संच दाखवायला सांगू नये. दुधाचं अनुदान पुन्हा कधी सुरू केलंत तर जो भाव हातात पडतो तो कमी करून ते वाढवू नये. मदतीच्या दराबाबत ३० मे चा निर्णय फिरवून २०२४ चे दर परत लागू करावेत. वाट्यानं कसणाऱ्यासाठी, मालकाच्या हक्काला धक्का लागणार नाही असा साधा हंगामी करार सभागृहात आणावा. हे शेवटचं काम अवघड आहे, मला कळतं, पण निदान चर्चा तरी सुरू होऊ द्या.

अनुदान कशाला मागता, भाव मागा, असं गावातली शहाणी माणसं मला म्हणतात. भावही मागतेच आहे. पण जे द्यायचं सरकारनंच ठरवलं, ज्याच्या भरवशावर मी पाटल्या गहाण टाकल्या, ते का आलं नाही हे विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

या पत्रात मी माझं नाव, गट क्रमांक आणि अर्जाचे नंबर मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते लिहिले तर आपल्यापैकी कुणीतरी फोन करील आणि माझं काम आठ दिवसांत होईल. तसं मला करून नको आहे. आधी त्या भिंतीवर दुसरी यादी लागू दे. तीत माझं नाव मी वाचेन, आणि त्या म्हातारबाबांचंही.

आपली,
सीनाकाठची एक शेतकरी बाई
तालुका माढा, जिल्हा सोलापूर